घुमटावरची साय

यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे नंतर कुणी माझ्याकडं तसं बघायला नको. आमचं छप्पर जेवतं. नुसतं जेवत नाही, त्याला आवडीनिवडी आहेत. बाजरीपेक्षा ज्वारी जास्त चालते. शिळी असली तरी चालते, पण खारट काही पुढं केलं की रुसून बसतं.

“छप्पर कसं रुसंल, नाना?” जतहून आलेले कोळेकर म्हणाले.

“आक्रसतं. सगळे बोल्ट कुरकुरायला लागतात. घरी न्याल तेव्हा कळंल.”

कोळेकरांनी आपल्या रानात पाइपांचा घुमट उभा केलाय आणि त्यावर चढवायला आमच्या छपराच्या सायीचा तुकडा मागायला ते आलेत. शेजारणीकडं विरजण मागायला जावं तसे हल्ली लोक आमच्याकडं येतात. जतमधून, आटपाडीतून, पार सांगोल्याकडून. मी तुकडा देतो, पण आधी बसवून गोष्ट सांगतो. गोष्ट न ऐकता नेलेली साय धरत नाही.

“हे एक खोटं,” कोळेकर म्हणाले.

“मोजत राहा,” मी म्हणालो आणि सुरुवात केली.

म्हसवडच्या अलीकडं, फाट्यापासून आत, उघड्या माळावर आमचं घर. घर म्हणजे चार भिंती आणि वर पत्रा. पूर्वी वैशाखात एखादी वावटळ यायची, पाचोळा उडवून निघून जायची. मग उन्हाळे बदलले. फाल्गुनातच जमीन तव्यासारखी तापायला लागली. तापलेली हवा वर पळते, तिच्या रिकाम्या जागेवर चारी बाजूंनी गार हवा धावते आणि त्या धावपळीत तुमचं छप्पर मधे आलं की संपलं. आमचा पत्रा असाच एका दुपारी गेला. मी मागोमाग पळत शेजारच्या गावापर्यंत गेलो, तर तिथल्या माणसानं तो म्हशींच्या गोठ्यावर ठोकूनसुद्धा टाकला होता. मलाच म्हणाला, “नाना, बरं झालं आलात, जरा ते टोक धरा.”

मी धरलं. काय करणार?

परत येताना डोक्यात एकच भुंगा. वाऱ्याला पकडायला कोपरा लागतो. ज्या घराला कोपराच नाही, त्याला वारा धरणार कुठं? त्या वर्षी सगळीकडं घुमटांची चर्चा होतीच. फोनवर पोरं आकृत्या दाखवायची. गोष्ट अगदी साधी. चार काठ्यांचा चौकोन बांधा आणि कोपऱ्यावर ढकला, तो कलतो. तीन काठ्यांचा त्रिकोण कलत नाही. मोडेल, पण कलणार नाही. असे त्रिकोण एकाला एक जोडत गेलं, लहानमोठ्या दोनच मापांचे पाइप नीट वापरले, की गोल टोपली पालथी घातल्यासारखा घुमट होतो. वारा एका पाइपवर आदळला तर तो पाइप एकटा सोसत नाही. पंगतीत पत्रावळ्या पुढं सरकवतात तसा तो भार शेजाऱ्याकडं सरकवतो, शेजारी त्याच्या शेजाऱ्याकडं, आणि शेवटी सगळं जमिनीत जातं.

अर्ध्या इंची लोखंडी पाइप आणले, टोकं ठोकून चपटी केली, भोकं पाडली, बोल्ट आवळले. सांगाडा उभा राहिला. मी आत जाऊन मधल्या पाइपला लोंबकळलो. हलला नाही. बायकोला हाक मारली.

शालन आली, कमरेवर हात ठेवून बघितलं आणि म्हणाली, “हाडं झाली. आता याला नेसवणार काय?”

तिथं खरा खेळ सुरू झाला.

आधी ताडपत्री. ताडपत्री सपाट, घुमट गोल. डोक्याला टॉवेल बांधावा तशी बांधली, तर जागोजागी झोळ पडले. वारा त्या झोळांत शिरायचा आणि फडफड, फडफड. एखाद्या घरात भांडण चालू असावं तसा आवाज. शालनच्या डोळ्याला डोळा लागेना.

मग मी हुशार झालो. पॉलिहाऊसचा प्लॅस्टिकचा कागद आणला आणि त्रिकोण कापून एकावर एक चढवत बसवायचं ठरवलं, माशाच्या खवल्यांसारखं. फक्त शुभ काम वरून सुरू करावं म्हणून कळसाचे त्रिकोण आधी लावले आणि खाली खाली येत गेलो. त्यामुळं झालं काय, खालच्या कागदाची कड वरच्याच्या अंगावर चढली. पाणी ओघळून जायच्या ऐवजी प्रत्येक कडेत शिरायला लागलं. आधी कळस मग पाया म्हणतात ते मी करून दाखवलं. सगळं उसवून पुन्हा खालून वर लावलं. तरी पहाटेच्या गारव्यात कागद ताणून ढोल व्हायचा आणि दुपारच्या उन्हात सैल पडून लोंबायचा. आणि आतून घामेजायचा. आपल्याच श्वासाची वाफ रात्रभर वर जायची, थंड कागदाला लागून तिचे थेंब व्हायचे आणि नेमके शालनच्या कपाळावर पडायचे.

“देवळातल्या पिंडीवर पडतं तसं पडतंय,” ती म्हणाली. “मी काय पिंड आहे?”

त्यावर मी निवडणुकीतले जुने फ्लेक्स आणले. जाड, मजबूत, फुकट. बाहेर पुढाऱ्यांची तोंडं कशाला मिरवायची म्हणून छापलेली बाजू आत केली. शालन आत गेली आणि तशीच बाहेर आली.

“चहूबाजूंनी बाप्ये हात जोडून, दात काढून बघतायत. मी लुगडं कुठं बदलू?”

“तोंडं उलटी लावतो.”

“आता उलटं टांगलेले बाप्ये बघू?”

घोंगडी लावून बघितली. घोंगडं गप्प असतं, हे मानलं पाहिजे. आवाज नाही, घाम नाही. पण एका वळवाच्या सरीत त्यानं इतकं पाणी पिलं की पाइप वाकायला आले, आणि वास असा सुटला की गावातली मेंढरं आपलं कुणीतरी आहे म्हणून घुमटाला अंग घासायला यायची. एक मेंढी तर रात्री आत येऊन माझ्या पायाशी झोपली. मला वाटलं शालन.

दुसऱ्या दिवशी शालननं पिशवी भरली.

“मी मालनकडं म्हसवडला चालले,” ती म्हणाली. मालन तिची धाकटी बहीण. “छप्पर गप्प बसंल, गळणार नाही, उडणार नाही, तेव्हा सांगा. तोवर मी काय येत नाही.”

“अगं पण माझं जेवण?”

“मेंढी आहे की.”

गेली. फाट्यावर विजेच्या एसटीचा भोंगा वाजला तो मी घुमटाच्या टोकावरून ऐकला, कारण तेव्हा मी बोल्ट आवळत होतो. मला बसवतच नव्हतं. दिवसभर शिडीवरून वर-खाली. हा बोल्ट आवळ, तो सैल कर. सैल नव्हते, तरी आवळायचो. त्या रिकाम्या सांगाड्यात चूल पेटवून बसलो की वाटायचं, आपण पिंजऱ्यात आहोत आणि बाकी सगळं मोकळं आहे.

तेव्हा मृणाल आली. मृणाल दडस, आमच्याच भागातली पोर, परदेशात शिकून आलेली. मायणीकडच्या माळावर तिची छोटी प्रयोगशाळा होती आणि तिला वाऱ्यात उघड्यावर असलेला एखादा घुमट हवा होता. माझ्याएवढा उघड्यावर कोण असणार?

तिनं एक गुंडाळी सोडली. पांढरट, लवचीक, हाताला चामड्यासारखी, पण उजेडापुढं धरली की दुधावरच्या सायीसारखी दिसणारी.

“नाना, ही जिवंत आहे,” ती म्हणाली.

मी हात मागं घेतला.

मग तिनं समजावलं, आणि जितकं मला कळलं तितकं तुम्हाला सांगतो. कापसाचं झाड उन्हात राबून जो धागा करतं, तसाच धागा काही जिवाणू साखर खाऊन करतात. केसापेक्षा कितीतरी पट बारीक. लाखो जिवाणू एकत्र विणायला लागले की पातळ पाण्यावर जाड साय धरते, आणि ती वाळली की चामड्याहून चिवट. इथवर जुनंच ज्ञान. मृणालच्या लोकांनी केलं ते पुढचं. त्यांनी असा वाण काढला जो वाळला की मरत नाही, झोपतो. ही झोपलेली साय दोन कापडांच्या मधे ठेवली. बाहेरच्या कापडाला असा पांढरा लेप दिला की ऊन परत फिरावं आणि आतली धग आभाळाकडं निघून जावी. सायीत साखरेचे बारीक दाणे पेरले. छप्पर कुठं फाटलं, तर त्या भोकातून दहिवराचा ओलावा आत शिरतो, तिथले जिवाणू जागे होतात, जवळची साखर खाऊन धागा विणतात, भोक बुजवतात आणि साखर संपली की पुन्हा झोपतात.

“म्हणजे जखम भरते तसं?”

“अगदी तसं. एकच पथ्य. तिला बाहेरून खायला काही मिळता कामा नये. गोड नाही, पिठाचं तर नाहीच. पीठ फोडून त्याची साखर करणारा एक सोबती आम्ही आत ठेवलाय, शेवटच्या गरजेसाठी. तिला उपाशी ठेवलं तरच ती शहाण्यासारखी वागते.”

“बायकोसारखं का?” मी विचारलं.

“बायकोला विचारून सांगा,” मृणाल म्हणाली. पोर तोंडाळ होती.

अडचण शिवणीची होती. साय त्रिकोणांत यायची. मशीनच्या घट्ट टाक्यांनी तिचा श्वास कोंडायचा, आणि डिंकानं चिकटवली तर एका त्रिकोणातली साय दुसऱ्यात जाऊ शकायची नाही. सुती दोऱ्यानं, लांब लांब धावदोरा घालून, हातानंच शिवायला हवं होतं. म्हणजे वाकळ, गोधडी शिवतात तसं. आणि आमच्या पट्ट्यात वाकळ कुणी शिवावी तर शालननं.

म्हसवडला फोन केला. मालननं उचलला. “ताई म्हणते, कामाला येईन. राहायला नाही. संध्याकाळच्या गाडीनं परत.”

शालन रोज सकाळी यायची. झाडाखाली त्रिकोण पसरायची, दाभणात दोरा ओवायची आणि बाहेरच्या कडेनं आत आत शिवत जायची. माझ्याशी कामापुरतं. “ते टोक ओढा. इतकं नव्हं. माणूस आहात का बैल?” मी शिडीवरून शिवलेले भाग ओढून पाइपांना बांधायचो, खालून वर, या वेळी न चुकता. शिवताना कुठं ढिलं ठेवायचं, कुठं ताणायचं हे तिच्या बोटांना कळायचं. कापड गोलावर बसलं ते असं, की जणू घुमट ते घालूनच जन्माला आला होता.

दारापाशीचा शेवटचा कोपरा राहिला. आता हे मात्र ज्यांच्या घरी वाकळा शिवल्यात त्यांनाच कळंल. वाकळेचं शेवटचं तोंड बंद करायच्या आधी बायका आत भाकरीचा तुकडा घालतात. वाकळ जन्मभर दुसऱ्याला ऊब देणार, तिचं स्वतःचं पोट रिकामं राहू नये. शालननं सवयीनं दुपारच्या भाकरीतला तुकडा मोडला, आत सरकवला, हात जोडले आणि तोंड शिवून टाकलं. मी समोर उभा होतो. मला मृणालचं पथ्य आठवायला हवं होतं. पण बाई इतक्या दिवसांनी माझ्या दारात बसून हात जोडत होती. मी पण जोडले.

“आता गप्प बसंल,” शालन म्हणाली आणि गाडीला गेली.

सकाळी उठलो तर तो कोपरा पुरीसारखा टम्म फुगलेला. हात लावला तर गरम. आंबट ताकासारखा वास. शालनला फोनवर सांगितलं. पहिल्या गाडीनं आली, कोपऱ्याला कान लावला आणि तिचा चेहराच बदलला.

“भूक लागलीय त्याला.”

“अगं, छप्पर आहे ते!”

“भाकरी खाल्ली ना? मग भूक लागणारच.”

त्या दिवसापासून ती रोज यायला लागली. शिवणीचं काम संपलं होतं, तरी यायची. डब्यात भाकरी, कधी ज्वारीची आंबील. टाक्यांमधून थोडं थोडं आत सोडायची, पाणी शिंपायची. आणि छप्पर खरंच जागं झालं. कुठं काटा रुतला, फट पडली, दुसऱ्या दिवशी पत्ता नाही. फडफड नाही, ठिबक नाही. दुपारी आत इतकं गार की बाहेरचं ऊन खोटं वाटावं. त्यात शालन वर बघत बडबडायची. “आज तिखट नको तुला. काल कुरकुरत होतास. वारं लागलं का?”

मला तर कुणी विचारत नव्हतं. मी आपला घुमटाभोवती फेऱ्या मारत बोल्ट आवळायचो. सांगायला लाज वाटते, पण मी छपरावर जळायला लागलो होतो. जी बाई माझ्यासाठी आली नाही, ती त्याच्यासाठी रोज यायची, आणि संध्याकाळी मात्र न चुकता जायची.

“राहा की,” असं मी म्हणालो असतो. पण म्हणणार कसं? तीच म्हणाली होती ना, छप्पर गप्प बसलं की येईन. आता बसलं होतं गप्प. तिनंच म्हणायचं. मी का म्हणू?

मग मृणाल तपासायला आली. आत पाऊल टाकलं आणि थबकली.

“नाना, हे काय? ही बोटभर जाड झालीय!”

“अंगानं भरलीय,” शालन म्हणाली. “माझ्या हातचं मानवलं तिला.”

मृणालनं डोक्याला हात लावला, मग हसली, मग पुन्हा डोक्याला हात लावला. म्हणाली, प्रयोगशाळेत इतकी जोमदार वाढ एकदाही झाली नव्हती. जाताना एक तुकडा मागून नेला, आणि तेच पहिलं विरजण. पण तिनं पाइपांकडं बोट दाखवलं. एक-दोन सांध्यांजवळ बाक आला होता.

“मावशी, ती ओली आहे, जड आहे. अशीच खात राहिली तर वाऱ्याआधी वजनानंच घुमट बसंल. खाली तुम्ही असाल नाहीतर नाना. खायला बंद करा. एकदम वाळली तर तडकेल, म्हणून पाणी थोडं थोडं कमी करत न्या. पण खायला बिलकूल नाही.”

“बिलकूल?”

“बिलकूल.”

पोर गेली. शालन वर बघत म्हणाली, “माझ्या हातचं खाल्लेल्याला मी कोरडं उपाशी ठेवू? माझ्यानं नाही व्हायचं ते.” मग तिला तोडगा सुचला. “उपास करू दे त्याला. सोमवार, गुरुवार, एकादशी. चार दिवस पथ्यानं राहील, बारीक होईल.”

मला पटलं. आपल्या घरात वजन कमी करायचा दुसरा मार्ग कुणाला माहीत आहे?

आता उपासाला शालन काय करते, हे कोळेकर तुम्ही ओळखलंच असंल. साबुदाणा भिजवला. त्याची पातळ खीर केली, गूळ घातला. वर रताळ्याचं पाणी. भाकरी नाही ना दिली? मग उपासच की. मृणालनं सांगितलेलं पीठ आणि गोड, दोन्ही एकाच वाडग्यात. पहिल्या सोमवारी छप्पर हातभर खाली लोंबलं. गुरुवारी दाराची चौकट आत ओढली गेली, मला आडवं होऊन आत शिरावं लागलं. एकादशीला तर घुमट बाहेरून असा दिसायला लागला, की लग्नातला व्याही जेवून अंगणात बसलाय.

“एकादशी अन् दुप्पट खाशी,” कोळेकर मांडी थोपटून हसले. “पण नाना, लोंबलं ते वीतभर म्हणा. हातभर जास्त होतंय.”

“तुम्ही होता का तिथं? मग गप ऐका.”

त्या संध्याकाळी आमचं भांडण झालं. मी कोयता आणला. म्हणालो, कापतो हे लोंबणारं पोट, नाहीतर सगळाच घुमट बसतोय. शालन मधे उभी राहिली.

“कापाल तर मी परत येणार नाही. कामालासुद्धा नाही.”

“छपरासाठी?”

“त्याला भूक लागली की ते फुगतं, नको असलं की आक्रसतं. कळतं तरी काय पाहिजे ते. तुमच्यासंगं इतकी वर्षं काढली, तुम्हाला काय पाहिजे ते मला आजवर कळलं नाही. तुम्ही आपले बोल्ट आवळत फिरता.”

मी कोयता खाली ठेवला. बोलायला काहीतरी हवं होतं, ते ओठापर्यंत आलं, आणि मी म्हणालो, “तो उत्तरेकडचा सांधा सैल झालाय.”

शालन गाडीला गेली.

दुसऱ्या दिवशी आली ती मालनला सांगून आली, की आजचा शेवटचा. छपराचं खाणं एकदम तोडायचं, मृणालनं सांगितलं तसं, आणि मग माळावर पाय ठेवायचा नाही. मला तसं बोलली नाही. मालननं फोन करून सांगितलं. म्हणून मी त्या दिवशी जास्तच बोल्ट आवळले.

दुपारी फोन कोकलायला लागला. हवेचा इशारा. पश्चिमेकडं आभाळ तांबूस झालं होतं, खालून धुळीची भिंत चालत येत होती. पळायला वेळच नव्हता. आम्ही दोघं आत शिरलो आणि दार ओढून घेतलं.

वारा आला. बाहेर काय काय चाललं होतं ते आवाजावरून कळत होतं. कुणाचा पत्रा, कुणाचं सौर पॅनल, कुणाची कोंबड्यांची खुराडी, सगळं आमच्या डोक्यावरून निघालं होतं. घुमट मात्र बसून. वजन इतकं झालेलं, त्याला उचलणार कोण? मी मनातल्या मनात साबुदाण्याला नमस्कार केला. आणि तेवढ्यात कुठून तरी एक सुटा पत्रा आला आणि विळीनं पापड चिरावा तसा छप्पर चिरत गेला.

आता घुमटाचं असं असतं, बंद असला तर वारा वरून घसरतो. एक भगदाड पडलं की आत शिरलेला वारा त्याला फुग्यासारखा उचलतो. सगळा सांगाडा जमिनीवरून उठला. हो, उठला. माझ्या पायाखालून उजेड दिसला.

“किती उठला?” कोळेकरांनी विचारलं.

“खालून मेंढी जाईल इतका. एक गेलीसुद्धा.”

“दोन खोटी झाली.”

“शालननं दाभण घेतलं. मी चुलीपाशी ठेवलेली आंबिलीची कळशी उचलली, कारण छप्पर बरं करायचं तर त्याला खाऊ घातलं पाहिजे, एवढं मला एव्हाना कळलं होतं. मी एका हातानं फाटलेल्या दोन्ही कडा एकत्र दाबून धरल्या. शालन माझ्या खांद्यावर पाय देऊन टाके घालत गेली, मी कडांवर आंबील ओतत गेलो. वारा ओढतोय, ती शिवतेय, मी ओततोय. आणि साय जागी झाली, कोळेकर. एरवी बोटभर भोक भरायला तिला रात्र लागते. पण त्या दिवशी उपासाचं सगळं अंगात होतं. माझ्या डोळ्यांदेखत पांढरं पांढरं विणत गेली. सरसर आवाज येत होता. आणि विणता विणता माझा हात तिनं आत घेतला.”

“हात?”

“मनगटापर्यंत. बोटांभोवती, तळव्याभोवती साय धरली आणि वाळून घट्ट झाली. भगदाड बंद झालं, घुमट धप्पकन खाली बसला, आणि मी टांगलेला. एक हात छपरात.”

कोळेकर माझ्या मनगटाकडं बघायला लागले. मी बाही खाली ओढली.

“मग वारा पडला,” मी सांगत राहिलो. “एकदम शांत. इतकं शांत की फाट्यावर संध्याकाळची एसटी वळली तो आवाज ऐकू आला. शालननं दाभण ठेवलं, हात धुतले, पिशवी उचलली. मला कळलं, ही आता गेली की गेली. पण माणसानं आपला आब सोडू नये. मी सरळ उभा राहिलो. म्हणालो, ‘शालन, गाडी चुकंल तुझी. तू जा. माझा हात अडकलाय म्हणून थांबू नको. सुटंल तेव्हा सुटंल. मला काही कुणाची गरज नाही.’ ती दारापर्यंत गेली. तिथं उभी राहिली. मागं वळून बघितलं, मी असा छपराला टांगलेला, आणि तिलाच माझी दया आली. म्हणाली, ‘हात सुटंस्तवर थांबते.’ आता हात सुटायला लागला वेळ, आणि तेवढ्यात—”

“खोटं!”

कोळेकर नव्हते बोलले. घुमटाच्या दारात शालन उभी होती, पिठानं भरलेले हात तसेच घेऊन.

“कुठला हात अन् कुठलं छप्पर? दोन्ही हातांनी माझा पदर धरून बसले होते खाली. मी म्हटलं गाडी चालली, सोडा, तर म्हणे, जाऊ दे गाडी. आणि असे रडत होते की मला वाटलं छप्परच गळतंय.”